देवाच्या डोक्यावर छत्री

मालुओ, ३० एप्रिल १९४२

आत्या,

तुझं पत्र नववर्षाच्या सणाला आलं आणि उत्तर आत्ता लिहितेय. रागावू नकोस. आणि रागावलीस तर रागाव, तू तिकडे लुचौला नदीकाठी, मी इकडे डोंगरात, मला काय ऐकू येणार आहे.

माझं तुला माहीतच आहे. बाजारात टोफूची एक वडी मागायची तर घसा बंद होतो. मी बोटाने दाखवते. टोफूवाल्या मा काकूंना आधी वाटलं पोरगी मुकी आहे, म्हणून बिचाऱ्या वर एक तुकडा टाकायच्या. मुकी नाही हे कळलं तरी टाकतात. सवय लागली. कागदावर मात्र माझं तोंड सुटतं, ते आता तू निस्तर.

मोठी बातमी म्हणजे आमची शाळा परत हलली. जपानी थोडे पुढे आले की बाबांची हवामानशाळा खूप मागे. ही तिसरी जागा. आणि जागा कुठली दिली माहितीये? पावसाच्या देवाचं देऊळ! पावसाचा अभ्यास करणाऱ्यांना ड्रॅगनराजाच्या घरात घुसवलंय. कचेरीत कुणीतरी हसत हसत सही केली असणार.

मधोमध राजा बसलाय. लाल तोंड, बटाट्यासारखे डोळे, दाढीचे अर्धे केस उंदरांनी नेलेले. दोन्ही बाजूंना त्याचे शिपाई, एक कोळंबी आणि एक खेकडा, हातात भाले. पोरं त्या भाल्यांवर चड्ड्या वाळत घालतात. बाबा राजाकडे पाठ करून फळ्यावर ढग काढतात आणि राजा मागून बघत असतो, वर्गात नापास झालेल्या पोरासारखा.

नापास म्हटल्यावर तू विचारणारच, म्हणून सांगून टाकते. हो, मी शाळा सोडली ती सोडलीच. सगळ्या चीनभर ज्यांचे विद्यार्थी पारा बघत बसलेत त्या प्राध्यापक बियान यांची एकुलती एक मुलगी घरी भात शिजवते. लोकांना फार मजा वाटते. तोंडी परीक्षेत बाबांनीच विचारलं होतं, गारा का पडतात? मला येत नव्हतं. 'येत नाही' म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच होतं. पण तेही तोंडातून निघेना. मी नुसती उभी. बाबा खडू हातात घेऊन उभे. पोरं आधी गप्प, मग खुसखुस, मग हसायला लागली. घंटा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच. बाबांनी शून्य दिलं. पोरगी म्हणून अर्धा मार्कही नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, आणि त्यांनी का नाही गेलीस म्हणून विचारलंही नाही. आई असती तर दोघांनाही लाटणं दाखवलं असतं.

आता खरी अडचण. इथे पाऊस नाही. हा मुलूख म्हणजे एरवी कपडे वाळत नाहीत अशी रड, आणि आम्ही आल्यापासून आकाश कोरडं ठाक. भाताची रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागलीत. लोक आमच्या अंगणातल्या तांब्याच्या भांड्याकडे वाकडं बघतात, ते पाऊस मोजायचं. मा काकू म्हणतात, गावात बोलतायत की हे लोक पाऊस गिळतात.

आत्या, तू त्यांना लहानपणापासून ओळखतेस. खरं सांग. बाबांना खरंच पाऊस कळतो का?

तुझी,
शिआओमान


लुचौ, १४ मे

शिआओमान,

पोरी, तुझा बाप शाळेत शिकला असेल, पण त्याचं शास्त्र आपल्या छत्रीच्या दुकानात जन्मलं. हे तो भाषणात सांगत नाही. मी सांगते.

माझा बाप म्हणजे तुझा आजोबा तेलकागदाच्या छत्र्या करायचा, हे तुला ठाऊक आहे. अजून मी त्याच दुकानात बसून बांबूच्या काड्या ताशीत असते, हाताला कागदावर चढवायच्या तुंगाच्या तेलाचा वास, नवरा मागे झोपलेला. ही गोष्ट घडली तेव्हा मी जेमतेम तुझ्याएवढी. तुझा बाप नऊ वर्षांचा, शेंबडा, घरातला दुसरा म्हणून आम्ही त्याला अर्वा म्हणायचो. अजून मी अर्वाच म्हणते. प्राध्यापक म्हणताना मला ठसका लागतो.

तर छत्र्या खपेनात. मी त्याला होडीच्या घाटावर उभं केलं आणि सांगितलं, माणसं उतरली की ओरड, "पाऊस पडेल! आज पडेल!" गोड चेहरा होता, खरं वाटायचं. आणि आवाज असा, की पलीकडच्या काठाची कुत्री भुंकायची. लोक घाबरून छत्र्या घ्यायचे. संध्याकाळपर्यंत कडक ऊन. मग एक दिवस एका तांदूळवाल्याने छत्री परत आणली आणि तिच्याच दांड्याने अर्वाच्या पाठीवर पाऊस पाडला. मला हसू आवरेना. त्याला मात्र फार लागलं ते. पाठीला नाही, आत.

तेव्हापासून पोरगा मुंग्या बघायला लागला. मिठाची बरणी ओली झाली का बघायचा, बेडकांच्या मागे हिंडायचा. मला म्हणाला, "ताई, मी परत ओरडेन, पण मला आधी कळलं पाहिजे." मी म्हटलं, कळलं की सांग. मग शिष्यवृत्ती मिळाली, बोटीत बसून अमेरिकेला गेला, परत आला तो डोक्यावर हॅट, अंगात लोकरी कोट, आणि तोंडात एकच शब्द: "शक्यता." सरकारने शाळा काढून दिली. पोरं शिकवली, ठिकठिकाणी पाऊस मोजायची ठाणी बसवली, वर्तमानपत्रात फोटो आला. मी अभिमानाने विचारलं, "अर्वा, उद्या छत्र्या बाहेर मांडू का?" म्हणाला, "ताई, मांडण्याची शक्यता विचारात घ्यावी." आग लागो त्या शिक्षणाला!

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्याला पाऊस कळतो. सांगता येत नाही.

तुमच्याकडे पाऊस नाही म्हणून मला वाईट वाटतं, म्हणजे धंद्याच्या बाजूनेही वाटतं. मीठ वाहणाऱ्या हमालांबरोबर एक छत्री पाठवतेय, माझ्या हातची, लाल, मोठ्यातली मोठी. पाऊस पडला की लगेच हाताशी हवी. अर्वा जन्मभर नुसता पाऊस मोजत राहिला, डोकं झाकायची अक्कल त्याला कधी आली नाही.

आत्या


मालुओ, २२ मे

आत्या,

आज माझा वाढदिवस. बाबांनी ज्या दिवसावरून माझं नाव ठेवलं तो हा दिवस, पंचांगात आज शेतं पाण्याने तुडुंब भरायला हवीत. शेतात भेगा पडल्यात. सकाळी मा काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझा बाप नावं चांगली ठेवतो गं, बाकी काही नाही."

काल गावचे प्रमुख थानशेठ देवळात आले. मिठाचे व्यापारी आहेत, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. बरोबर चार म्हातारे आणि ऐकायला म्हणून सगळा बाजार. मी चुलीमागे बसून ऐकलं. जसं झालं तसं लिहिते.

"प्राध्यापक, सरळ विचारतो. पाऊस कधी?"

बाबा म्हणाले, "सध्याच्या निरीक्षणांवरून येत्या पंधरवड्यात मध्यम पावसाची शक्यता नाकारता येत नाही."

थानशेठ मागे वळले. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले," मा काकू म्हणाल्या.

"मी नाही म्हणालो नाही," बाबा म्हणाले.

"मग हो?"

"हो असंही नाही."

"अहो, मी मीठ विकतो! गिऱ्हाइकाने विचारलं मीठ आहे का, तर मी काय सांगू, मीठ असण्याची शक्यता नाकारता येत नाही?"

सगळे हसले. आपले विद्यार्थीही हसले, मेले. मग हसणं थांबलं आणि थानशेठ हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा मला भीती वाटली. म्हणाले, पुढच्या आठवड्यात रोपं मेली की वर्षाचा भात गेला. राजा रुसलाय. त्याच्या घरात परक्यांनी चड्ड्या वाळत घातल्या, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा बसवला, ड्रॅगनच्या डोक्यावर कोंबडं नाचवलं तर तो रुसणारच. जूनच्या दुसऱ्या दिवशी राजाला देवळातून काढून खळ्यावर उन्हात बसवायचा. त्याला कळू दे तहान कशी असते. संध्याकाळी त्याला परत आत आणायचा. त्याआधी पाऊस आला तर तुम्ही राहा. नाही आला, तर राजा आत आणि शाळा बाहेर.

मंडळी परत गेली. मग बाबा चुलीपाशी आले, झाकण उचलून भाताकडे बघत म्हणाले, "ह्या वेळी हललो तर शाळा राहणार नाही." मला नाही सांगितलं, भाताला सांगितलं. पण खरं आहे ते. मागच्या खेपेला हललो तेव्हा निम्मी पोरं वाटेतून घरी गेली. आता गेली तर फळा, पारा आणि आम्ही दोघं एवढेच उरणार. आणि इथून रोज विमानतळाला तार जाते, आज ढग आहेत, आज नाहीत. ती बंद पडली तर वैमानिक डोंगरावर आपटणार.

आणखी एक. त्या दिवशी पावसासाठी मिरवणूक असते, तिच्यात कुत्र्याला माणसाचे कपडे घालून खुर्चीत बसवून नेतात इथे. लोकांनी त्याला बघून खूप हसायचं, म्हणजे वर आकाशालाही हसू फुटतं आणि पाऊस पडतो. मा काकू कपडे मागायला आल्या. बाबांनी काय दिलं? तो अमेरिकेचा लोकरी कोट! म्हणाले, "स्थानिकांशी सहकार्य करावं."

आत्या, काय करू?

शिआओमान


लुचौ, २८ मे

शिआओमान,

काय करू म्हणून मला विचारतेस, मी काय ढग आहे?

नीट ऐक. तुम्हा बापलेकींना रोग एकच आहे. तोंड उघडलं आणि चुकलो तर काय, ह्याची भीती. त्याने रोगाला शास्त्राचं नाव दिलं, तू शाळा सोडलीस, एवढाच फरक. जा आणि त्याला माझं नाव घेऊन सांग, की अर्वा, त्या माणसाला सरळ एक शब्द सांग. पडेल किंवा नाही पडणार. चुकलास तर फार तर परत पाठीवर दांडा बसेल, सवय आहे तुला. शेतात ज्याची रोपं मरतायत त्याला शक्यता खाता येत नाही.

आणि छत्रीबद्दल एक विसरले. पावसाच्या मिरवणुकीत कुणी छत्री आणायची नसते. टोपीसुद्धा नाही. देवाला वाटतं ह्यांना पाऊस नकोच आहे. आमच्याकडे अशा वेळी दुकानाला फळ्या लावून आम्ही घरात बसायचो, नाहीतर लोक बुकलून काढायचे. तेव्हा छत्री आली की गपचूप पलंगाखाली सरकव. अर्वाला सांग. त्याला असलं काही लक्षात राहत नाही.

आत्या


मालुओ, ५ जून

आत्या,

तुझं पत्र आज आलं. आज! सगळं होऊन गेल्यावर. आता वाचून काय करू, तरी वाचलं आणि पोट धरून हसले.

झालं ते सांगते. त्या दिवशी सकाळपासून ढोल. सगळा गाव अनवाणी, उघड्या डोक्याने, डोक्यात नदीकाठच्या विलो झाडाच्या डहाळ्या. आपली पोरं पण तशीच, लाजत लाजत. राजाला दोरांनी बांधून बाहेर काढलं, त्याच्या दाढीतून एक उंदीर पडला, बायका किंचाळल्या. त्याला खळ्याच्या मधोमध भर उन्हात ठेवला. लाल रंग चकाकत होता, मला बिचाऱ्याची दया आली.

मग कुत्रा आला. मा काकूंचा पिवळा कुत्रा, खुर्चीत, बाबांच्या कोटात, वर गळपट्टा. आत्या, शपथ सांगते, हुबेहूब बाबा! बोलायच्या आधी जसे जरा मान तिरकी करतात तशीच त्याने केली. सगळं खळं लोळलं हसून. आपली पोरं तर रडली. आकाशाला काही हसू आलं नाही.

आणि तेवढ्यात बाजूने खरे बाबा आले. हातात छत्री. तुझी छत्री! लाल, एवढी मोठी, अजून दोरीसुद्धा सोडली नव्हती.

आधी हसणं बंद झालं. मग ढोल बंद झाला. मग कुणीतरी ओरडलं, "छत्री! ह्याने छत्री आणली!" आणि सगळे धावले. आम्ही पाऊस मागतोय आणि हा माणूस देवाला छत्री दाखवतो! एकाने कॉलर पकडली, एकाने छत्री ओढली. बाबांचा चष्मा पडला. थानशेठ पोटाने वाट काढत मध्ये शिरले, म्हणाले, "थांबा! विचारू तर द्या. प्राध्यापक, ही छत्री कशाला? पाऊस यावा म्हणून की येऊ नये म्हणून?"

मला वाटलं आता बाबा म्हणणार, निरीक्षणांवरून. पण आत्या, बाबांनी थानशेठकडे बघितलं, मग छत्रीकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले,

"पडेल."

"काय?"

"आज पडेल!" असा आवाज मी बाबांचा कधी ऐकला नव्हता. लांबची कुत्री भुंकायला लागली. तो कोटातला पण भुंकला.

मला तेव्हाच कळलं, सकाळी बाबांनी पारा बघितला असणार, ढगांचा हिशोब केला असणार, आणि म्हणूनच छत्री घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नक्की माहीत होतं! मला एवढा अभिमान वाटला की रडूच आलं.

पण लोक काही ऐकेनात. वर बघतात तर ऊन. मागून कुणीतरी ओरडलं, "मोडा ती छत्री!" आणि दोघांनी छत्री दोन बाजूंनी धरली. मला काय झालं कोण जाणे. मी घुसले. लहानखुरी आहे म्हणून लोकांच्या काखेखालून गेले, छत्री हिसकली आणि पळाले. पण पळू कुठे? चहूकडे माणसं. मध्ये फक्त राजा. मी त्याच्या चौथऱ्यावर चढले, छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली.

सगळे जागच्या जागी थांबले. कारण देवाच्या डोक्यावर धरलेल्या छत्राला हात कोण लावणार? मोडणार कोण? थानशेठ ओरडले, "अगं, त्याला उन्हात तापवायला आणलाय, सावली काय देतेस!" एक म्हातारा म्हणाला, "छत्र आहे ते, देवाचा मान आहे." दुसरा म्हणाला, "कसला मान, आज तो शिक्षेवर आहे." "शिक्षेवर असला तरी देवच ना?" मा काकू म्हणाल्या, "तुमच्या घरात कुणी रुसलं तर उन्हात बांधून समजूत काढता काय?" झालं! गावात दोन तट पडले. एक तट म्हणे काढा, एक तट म्हणे राहू दे. ढोलवाले एकमेकांच्या अंगावर गेले. पावसाचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी वर उभी, सगळा गाव माझ्याकडे बघतोय, आणि मला एकच कळत होतं, हात खाली आला की छत्री मोडली, आणि बाबापण.

किती वेळ भांडले काय माहीत. छत्रीच्या कागदावर टप् झालं. मला वाटलं कुणी खडा मारला. मग परत टप्. मग डोंगरावरून काळं काहीतरी धावत खाली आलं, वारा सुटला, कोंबडा छपरावर गरागरा फिरला, आणि असा पाऊस, असा पाऊस, की समोरचा माणूस दिसेना!

सगळे भिजले. थानशेठ, म्हातारे, पोरं, ढोल, कोटातला कुत्रा. लोक नाचत होते, चिखलात लोळत होते. अख्ख्या मालुओत कोरडा राहिला तो फक्त पावसाचा देव. माझ्या छत्रीखाली.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं. "अरे, राजाला पाऊस लागू दे! छत्री काढ!" "नको, छत्रीनेच आला पाऊस, काढलीस तर थांबेल!" परत दोन तट. आता भिजून भांडायला लागले. आणि आत्या, माझा हात खांद्यातून निखळायची वेळ आली होती. मी सगळ्या गावासमोर, ओरडून म्हणाले,

"माझा हात दुखतोय! कुणीतरी धरा की!"

हे माझं गावातलं पहिलं वाक्य. थानशेठ स्वतः वर आले आणि त्यांनी धरली.

शाळा राहिली. पण का राहिली ते ऐक. म्हातारे म्हणाले, छत्रामुळे राजा खूश झाला. बाबा "पडेल" म्हणाले होते हे कुणाला आठवतसुद्धा नाही! मी मा काकूंना सांगितलं, हो, तोंडाने सांगितलं, तर म्हणाल्या, "हो का? मी तेव्हा कुत्र्याकडे बघत होते."

तुझी छत्री कागद सोलून संपली. काड्या शाबूत आहेत.

शिआओमान


मालुओ, ७ जून

ताईस,

तब्येत बहुतांशी बरी आहे. शिआओमानने सगळं लिहिलं असेल, त्यातलं निम्मं बरोबर असण्याची शक्यता आहे.

एक गोष्ट तिला माहीत नाही. त्या सकाळी हवेच्या दाबाचा पारा वर होता. हवा कोरडी होती. आमच्या तक्त्यांप्रमाणे पुढचे काही दिवस पावसाचं कसलंही चिन्ह नव्हतं. छत्री मी पावसासाठी आणली नव्हती. मीठवाले हमाल गावात आले होते, त्यांनी पार्सल दिलं, ते घेऊन मी घरी चाललो होतो. मिरवणुकीत छत्री चालत नाही हे लहानपणी माहीत होतं, विसरलो.

'हे पार्सल आहे' एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण दांड्यावर आपल्या दुकानाच्या शिक्क्याचं लाल फूल दिसलं, आणि तोंडातून तेच निघालं जे तू मला घाटावर ओरडायला लावायचीस. चाळीस वर्षं मी फक्त तो शब्द उच्चारायचा नाही म्हणून शिकलो, ताई. आणि तो उच्चारल्यावर पाऊस पडला. हा पाऊस माझ्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. शिष्यांना काय शिकवू कळत नाही.

पोरीला वाटतंय मला माहीत होतं. कृपा करून तिला काही सांगू नये.

तुझा भाऊ,
बियान वनचाओ


लुचौ, २० जून

शिआओमान,

तुझ्या बापाचं पत्र आलं. त्यात लिहिलेलं तुला सांगू नये असं त्याने लिहिलंय, म्हणून सोबत ते पत्रच पाठवतेय.

वाचलंस? आता हस. पण त्याच्यासमोर नको. आणि एक लक्षात घे. पारा वर, हवा कोरडी, वर सगळा गाव कॉलर धरून. अशा वेळी "पार्सल आहे" म्हणून तो सुटला असता, तरी "आज पडेल" म्हणून ओरडला. मूर्ख आहे, पण घाटावरचा माझा भाऊ अजून आत शिल्लक आहे म्हणायचा.

त्याला म्हणावं, काय शिकवू कळत नसेल तर छत्र्या करायला ये, काड्या ताशायला माणूस हवाच आहे.

राजासाठी पिवळी छत्री पाठवतेय, झालरीची, फुकट. तिच्याबरोबर साध्या छत्र्यांचा एक भारा येतोय. त्या फुकट नाहीत.

आत्या


मालुओ, ११ सप्टेंबर

आत्या,

भात उभा आहे. राजा पिवळ्या छत्रीखाली बसलाय आणि त्याला नवीन दाढी लावलीये, मा काकूंच्या कुत्र्याच्या शेपटीच्या केसांची. पोरांनी चड्ड्या अंगणात हलवल्या. फक्त कोळंबीच्या भाल्यावर एक मोजा असतो, तो कुणाचा ते कुणी कबूल करत नाही.

ते पत्र वाचल्याचं मी बाबांना सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं. कारण मी दोन दिवस त्यांच्याकडे बघून उगाच हसत होते.

आता माझी बातमी. थानशेठनी फर्मान काढलं की शाळेने रोज सकाळी देवळाच्या पायरीवरून गावाला पावसाचं सांगायचं. "पण प्राध्यापक नकोत," म्हणाले, "त्यांच्या बोलण्याला शेपूट असतं. छत्रीवाली पोरगी सांगेल." मी दोन रात्री जेवले नाही. पहिले काही दिवस बोटानेच सांगितलं, बोट वर म्हणजे पाऊस, खाली म्हणजे नाही. मग मागच्या लोकांना बोट दिसेना, शिव्या द्यायला लागले, म्हणून ओरडावं लागलं. बाबा चिठ्ठीवर लिहून देतात, "दुपारनंतर हलक्या सरींची माफक शक्यता." मी ओरडते, "छत्री घ्या!" तुझा भारा असाच संपला. दुसरा पाठव, लहान छत्र्या जास्त.

चुकतं पण. दोनदा थानशेठ छत्री घेऊन उन्हात हिंडले आणि परत येऊन माझ्यासमोर आपटली. दांडा उगारला नाही, एवढंच.

परवा सकाळी धुकं होतं, पारा एक सांगत होता, वारा दुसरं. बाबांनी चिठ्ठी दिली ती दोन्ही बाजूंनी भरलेली. निरीक्षणांत विसंगती असल्याने, तथापि, असे असले तरी. मी पायरीवर उभी राहून वाचतेय वाचतेय, खाली सगळा बाजार मान वर करून उभा. थानशेठ ओरडले, "काय गं, पडणार का नाही?"

मी चिठ्ठी घडी केली आणि ओरडले, "माहीत नाही!"

"कुणाला?"

"बाबांना माहीत नाही! मलाही माहीत नाही!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, परत तीच परीक्षा, आता खुसखुस सुरू होणार. ती झालीच. पण मा काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, आज तरी कुणीतरी खरं बोललं," आणि लोक हसत हसत आपापल्या कामाला गेले. काहींनी छत्र्या घेतल्या, काहींनी नाही. जग बुडालं नाही.

मागे वळले तर बाबा कोळंबीच्या आड उभे. सगळं ऐकलेलं. मला वाटलं ओरडतील. वळून वर्गात गेले. दुपारी जेवताना भाताकडे बघत म्हणाले, "गारांच्या प्रश्नाला हे उत्तर दिलं असतंस, तर अर्धा मार्क दिला असता."

मी म्हटलं, "अर्धाच?" मोठ्याने म्हटलं, पलीकडची पोरं वळून बघायला लागली.

बाबांनी मान जरा तिरकी केली, अगदी त्या कुत्र्यासारखी, आणि म्हणाले, "एक दिला असता."

शक्यता म्हणाले नाहीत, आत्या. मी थांबून राहिले होते. आलाच नाही तो शब्द.

तुझी,
शिआओमान